वाकळ : दयादत्तीचा उबदार धागा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रावकांच्या घरोघरी मुखोद्गत असतात. त्यांत वस्त्राचा स्वतंत्र उल्लेख नाही. मग थंडीने कुडकुडणाऱ्या शेजाऱ्याच्या अंगावर घातलेले पांघरूण कोणत्या दानात गणावे? नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती असे दानाचे प्रकार सांगितले. अनुकंपेने जीवांना निर्भय करणे ही दयादत्ती. उघड्या अंगाने काढावी लागणारी पौषाची रात्र हेही गरिबाचे भयच होय. श्वेतांबर परंपरेतील स्थानांगसूत्राने तर नवविध पुण्यांत वस्त्रपुण्य आणि शयनपुण्य ही दोन्ही सांगितली आहेत.

1949 मध्ये दक्षिण सातारा, म्हणजे नंतरचा सांगली जिल्हा झाला. तोवर तासगाव सातारा जिल्ह्यात होते. या मुलखातले गरिबाघरचे पांघरूण म्हणजे वाकळ. जुनी लुगडी, धोतरे स्वच्छ धुऊन एकावर एक अंथरावीत आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावे, ही तिची रीत. सुगी उरकल्यावर आयाबाया मिळून ती शिवीत. विकतचे पांघरूण शिलकीतून देता येते. वाकळ देणारी स्त्री मात्र आपले वापरलेले वस्त्र आणि आपले कष्ट देते. शिवाय देणारी व घेणारा दोघेही तशाच वाकळेखाली निजत असल्याने घेणाऱ्याला ओशाळे वाटत नाही.

आपल्या अंगावरचे देण्याचा हा संस्कार किती खोल जाऊ शकतो, हे लक्ष्मीबाई पाटील यांनी दाखवून दिले. कर्मवीर भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले, तेव्हा मुलांच्या अन्नासाठी या माउलीने दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने ऐन थंडीत हजारो कुटुंबे उघड्यावर आणली. तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी गरज सरलेली नाही. आजही ऊसतोडणीसाठी आलेली कुटुंबे लेकराबाळांसह पाचटाच्या खोपीत हिवाळा काढतात. तेही शेजारीच आहेत. कपाटात वर्षानुवर्षे घडी न मोडलेली साडी हा परिग्रह. तिचीच वाकळ होऊन एखाद्या लेकराच्या अंगावर पडली, तर ती दयादत्ती. सुवर्णमहोत्सवी वर्षात घरोघरी एक वाकळ शिवली जावी, हेच पूर्वजांचे उचित स्मरण ठरेल.

जय जिनेंद्र!