तळटीप १७ : ‘एकवीस दिवस’

१७. इबोलाचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत २ ते २१ दिवस जातात, म्हणून पत्रात ही मोजणी आणि सकाळ-संध्याकाळचा थर्मामीटर. काँगोतल्या (तेव्हाचे झाईर) इबोला नदीवरून १९७६ साली रोगाला हे नाव पडले. पत्र ऑगस्ट २०१४च्या अखेरचे आहे. २६ तारखेला लायबेरियातून शंभरावर भारतीय मायदेशी परतले, त्यांची विमानतळावरच तपासणी झाली. लक्षणे दिसण्याआधी या रोगाची लागण दुसऱ्याला होत नाही. तो हवेतून नव्हे, तर रोग्याचे रक्त, वांती अशा स्रावांच्या स्पर्शातून पसरतो. हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. पत्रातल्या शेजारणीने हाक न मारता ओटीवर ठेवलेला डबा म्हणूनच दुष्टाव्याचा मानू नये; तिने तो रोज भरून आणला.