'यूटीएम'ची कुळकथा

कासला फुलं आली की साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हॉटेलांच्या, होमस्टेंच्या लिंका फिरू लागतात. त्यातली एखादी लांबलचक लिंक शेवटपर्यंत वाचून पाहा. प्रश्नचिन्हापुढे 'यूटीएम_सोर्स' अशी शेपटी दिसेल. सांगलीच्या हळदीच्या जाहिरातीतही हीच तीन अक्षरं सापडतील. पुष्कळांना ती गूगलची वाटतात. पण गूगलने ती दत्तक घेतली आहेत; त्यांचं माहेर सान डिएगोची अर्चिन कंपनी. गूगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स आणलं.

त्याआधी संकेतस्थळाला किती भेटी झाल्या हे कळायला सर्व्हरच्या नोंदवहीतल्या ओळी मोजत. पानावर दहा चित्रं असली, तर एका भेटीचे अकरा 'हिट' व्हायचे. पुढे पानाच्या तळाशी आकडे फिरवणारे काउंटर आले. 

मला या अक्षरांपाशीच थांबायचं आहे. यूटीएम म्हणजे 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल', असं आज जिथेतिथे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. अर्चिनच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकांत 'अर्चिन ट्रॅफिक मॉनिटर' असं नाव आहे, आणि कामही त्याच नावाला साजेसं होतं.

ते काम समजायला दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. सातारा-सांगलीची मुलं कोल्हापूर विभागीय मंडळातली. सायबर कॅफेत पाच-सहा संगणक, पण इंटरनेटची जोडणी एकच. साऱ्या मुलांची मागणी सर्व्हरच्या वहीत एकाच पत्त्यावरून आलेली दिसायची. मग माणसं किती? यावर अर्चिनचा तोडगा साधा होता. पानात एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची. ती ब्राउझरमध्ये ओळखीची कुकी ठेवी आणि '__यूटीएम.जीआयएफ' नावाचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र मागवी. त्या मागणीबरोबर कुकीची खूण वहीत उतरे आणि एकाच पत्त्यामागचे वेगवेगळे संगणक सुटे मोजता येत.

'ट्रॅकिंग'वाल्यांचा मुद्दा असा की आजची शेपटी जाहिरातीचा माग काढते, म्हणून तेच नाव योग्य. पण कुकी, चित्र, स्क्रिप्ट या तिन्हींच्या नावांत 'यूटीएम' आहे, आणि त्यांचं काम रहदारी नीट मोजण्याचं. शेपटीतली सोर्स, मीडियम, कॅम्पेन ही लेबलं या पायावर चढलेला मजला आहे. लोकांना पुढे फक्त शेपटी दिसत राहिली आणि तिच्यावरून त्यांनी नाव बेतलं, अशी माझी खात्री आहे.

शेपटीचा दोषही तिच्या चिवटपणातच आहे. हळदवाल्याने फेसबुकवर टाकलेली लिंक कुणी उचलून कोरेगावच्या घरच्या ग्रुपवर टाकली, की 'सोर्स फेसबुक' सांगणारी शेपटीही सोबत जाते. मग मामा-मावश्यांनी केलेले सगळे क्लिक फेसबुकच्या खात्यात जमा होतात, आणि पुढच्या हंगामात हळदवाला तिथेच जास्त पैसे घालतो.