किर्लोस्करवाडी : माळरानावर वसलेले उद्योगगाव

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी हे गाव एका विस्थापनातून जन्माला आले. संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. बढती डावलली गेल्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलच्या दुकानाला जोडून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविण्यास सुरुवात केली. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगराला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

धंद्याचा जम बसत असतानाच नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जागा ओसाड, निवडुंगाने व्यापलेली आणि सापांचा सुळसुळाट असलेली होती.

१९१० मध्ये कामगार व त्यांची कुटुंबे येथे आली. कारखान्याबरोबरच वसाहत उभी राहिली. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली, तर शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये येथूनच मासिक सुरू केले. ते पुढे 'किर्लोस्कर' या नावाने घरोघरी पोहोचले. बेळगावात ज्यांना जागा उरली नव्हती, त्यांचेच नाव पुढे कुंडल रोड स्थानकाला मिळाले.