पाऊस अडवला, घामाचे काय?

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. खामगावची बाजारपेठ त्या तेजीत भरभराटीला आली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला, तोही मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. पाऊस अडवणाऱ्या कापडाच्या इतिहासातील दोन महत्त्वाची प्रकरणे याच मँचेस्टरमध्ये घडली. पावसाळ्यात राजूर घाटात किंवा लोणारच्या विवराच्या काठाने भटकायला निघालेला विद्यार्थी आणि हिमालयातील शिबिराला निघालेला विद्यार्थी, दोघेही शिक्षकांना विचारतात : ‘सर, जाकीट कोणतं घेऊ?’ या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात बरेचसे दडलेले आहे.

आपल्याकडे मेंढपाळ आणि शेतकरी घोंगडीची खोळ करून पावसात वावरत. मेंढीच्या लोकरीचा पृष्ठभाग पाण्याला सहजी जवळ करत नाही, पण तंतूचा गाभा मात्र बाष्प शोषून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढे बाष्प शोषले तरी लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर पडते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली जाड घोंगडी म्हणूनच भुरभुर पावसात उत्तम. मुसळधार पावसात मात्र ती भिजते आणि अंगावर ओझे होते. कोकणात भातलावणीला वापरले जाणारे बांबू-पानांचे इरले पाठीवर छपरासारखे राहते. बाजू उघड्या असल्याने वारा खेळतो. ही साधने आपण मागासलेली समजतो, ते मला पटत नाही. कारण पुढे येईलच.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतले. कोळशापासून दिव्यांसाठी वायू तयार करताना डांबर उरे. त्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळते. हे द्रावण दोन कापडांच्या मध्ये लावून त्यांनी ती एकमेकांना चिकटवली आणि लवकरच मँचेस्टरमध्ये कारखाना काढला. पाणी आत शिरणे थांबले. पण हे रबर थंडीत ताठ व उन्हात चिकट होई. वासही येई. गंधक मिसळून रबर तापवण्याची, म्हणजे व्हल्कनायझेशनची, पेटंटे इंग्लंडात टॉमस हॅनकॉक यांनी १८४३ मध्ये आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये घेतली, तेव्हा हा दोष गेला. म्हणजे पाऊस अडवण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सुटला होता. उरला तो घाम. चढण चढताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. रबरी कोटात तो कोंडतो, आणि माणूस आतून भिजतो.

त्यानंतरची सारी धडपड या घामासाठी आहे. टॉमस बर्बेरी यांनी विणण्याआधीच सुताला जलरोधक करून गॅबर्डिन हे कापड बनवले. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मॅलरी यांच्या अंगावर त्याचाच कोट होता. दुसऱ्या महायुद्धात थंड समुद्रात पडणारे वैमानिक गारठून मरू लागले, तेव्हा मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने ‘व्हेंटाइल’ नावाचे निव्वळ सुती कापड तयार केले. ओला झालेला कापसाचा तंतू जाड होतो. वीण पुरेशी घट्ट असली तर सूत फुगते, छिद्रे बुजतात आणि पाणी अडते. कोरडे असताना मात्र त्यातून वारा नाही, तरी बाष्प जाते. कल्पना सोपी, पण तिला लांब धाग्याचा निवडक कापूस लागतो. खामगावहून गाठी जात त्या आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाचे हे काम नव्हते.

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही, जवळजवळ दहापट लांबली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. पावसाचा थेंब मिलिमीटरच्या मापाचा, ही छिद्रे मायक्रॉनहूनही बारीक, आणि बाष्पाचा रेणू त्यांच्यापेक्षा शेकडो पट लहान. थेंब बाहेर राहतो, बाष्प निघून जाते. गोर-टेक्स या नावाने हे पटल १९७६ च्या सुमारास बाजारात आले.

पण बाष्प आपण होऊन बाहेर जात नाही. त्याला आतल्या व बाहेरच्या बाष्पदाबातला फरक ढकलतो. जाकिटाच्या आत ३० अंश सेल्सिअसची बाष्पसंपृक्त हवा आहे असे धरू. तिचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा. हिमालयात बाहेर ५ अंश तापमान असेल, तर ९५ टक्के आर्द्रतेलाही बाहेरचा बाष्पदाब जेमतेम ६ भरतो. फरक २६. ऑगस्टमध्ये बुलढाण्याच्या डोंगरात २५ अंश आणि तीच ९५ टक्के आर्द्रता असेल, तर बाहेर साडेबावीस. फरक साडेनऊ, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश. जाकीट तेच, पण ढकलणारा जोर कमी. त्यात बाहेरचे कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसला की वाट आणखी अडते.

तेव्हा आपल्या पावसाळी भटकंतीसाठी हजारो रुपयांच्या पटलापेक्षा काखेत चेन असलेले, सैल, साधे जाकीट किंवा पाँचो बरा. इरल्याचे तत्त्व तेच. हिमालयात जाणाऱ्याने पटलाचे जाकीट जरूर घ्यावे. तेथे वाऱ्यात भिजणे जिवावर बेतू शकते. लेबलावरचा ‘१०,००० मिमी’ हा आकडा कापड किती उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलते ते सांगतो. बाष्प किती जाते याचा आकडा ग्रॅममध्ये असतो, पण तो प्रयोगशाळेतला आहे, श्रावणातला नव्हे. पाणी निथळावे म्हणून वरच्या कापडावर लावली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बंधने येत आहेत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ती वापरण्यास बंदी घातली.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग : तीन सारख्या पेल्यांत समान पाणी घ्या. एकाच्या तोंडावर प्लॅस्टिक, दुसऱ्यावर सुती कापड आणि तिसऱ्यावर जुन्या जाकिटाचा तुकडा घट्ट बांधा. वजन करून चोवीस तास ठेवा आणि पुन्हा वजन करा. हाच प्रयोग एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करावा. दोन्ही वेळा खोलीचे तापमान व आर्द्रता नोंदवायला विसरू नये.