फ्लोरुइट : जन्ममृत्यू अज्ञात असलेल्यांचा कालनिर्देश

१/ इंग्रजी इतिहासग्रंथांत एखाद्या नावापुढच्या कंसात 'एफ-एल' ही दोन अक्षरे आणि एक टिंब आढळते; त्यापुढे एखादे साल. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी ते साल जन्मवर्ष समजून निबंधात लिहिले होते. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली. त्या रेघेमुळे परिचित झालेल्या शब्दाविषयी हा धागा.

२/ ती अक्षरे 'फ्लोरुइट' या लॅटिन शब्दाचा संक्षेप होत. 'फ्लोस' म्हणजे फूल, 'फ्लोरेरे' म्हणजे फुलणे. त्याचे भूतकाळी तृतीयपुरुषी एकवचन 'फ्लोरुइट' : 'तो (किंवा ती) बहरला'. लॅटिनमध्ये हे एकच पद पूर्ण वाक्य ठरते.

३/ इंग्रजीत मात्र या क्रियापदाचे नाम झाले. 'हर फ्लोरुइट इज द लेट ट्वेल्थ सेंच्युरी' असे इंग्रजी अभ्यासक सहज लिहितात. अनेकवचनी 'फ्लोरुइट्स'ही चालते. व्यक्तीप्रमाणेच एखाद्या संप्रदायाच्या वा संस्कृतीच्या भरभराटीच्या काळालाही तो लावतात. यात विशेष काही नाही. 'डेफिसिट' म्हणजे मुळात 'ते कमी पडते', 'हॅबिटॅट' म्हणजे 'तो राहतो'. दोन्ही क्रियापदेच, आज दोन्ही नामे.

४/ मग याची गरज कुठे पडते? मारी द फ्रान्स ही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कवयित्री. आपले नाव मारी आणि आपण फ्रान्सची, एवढे ती स्वतः सांगते. जन्म, मृत्यू, कुळ यांविषयी निश्चित असे काही हाती नाही. तिच्या नावापुढे जन्मवर्ष लिहिणे ही थाप ठरेल. काहीच न लिहिणे हा अन्याय. 'फ्लोरुइट' या दोहोंमधला प्रामाणिक मार्ग आहे : या काळात ती होती आणि लिहीत होती, इतकेच आम्ही जाणतो.

५/ परंतु या शब्दामागच्या कल्पनेचा दुरुपयोगही जुनाच. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अपोलोडोरस याने कालगणनेचा ग्रंथ रचला. ग्रीकांकडे याच अर्थाचा 'अक्मे' हा शब्द होता : कर्तृत्वाचे शिखर. अपोलोडोरसने हे शिखर साधारण ४०व्या वर्षी धरले. व्यक्तीच्या आयुष्यातील एखादी ठळक घटना घ्यायची, ४० वर्षे मागे जायचे, की जन्मवर्ष तयार!

६/ हिरोडोटसचे रूढ जन्मवर्ष इ. स. पू. ४८४. थुरी या वसाहतीची स्थापना ४४४-४४३ची. तो तिथे जाऊन राहिला अशी परंपरा. ४४४ अधिक ४० म्हणजे ४८४. हे साल कुठल्या नोंदीतून नव्हे, तर या बेरजेतून आले असावे, अशी अनेक अभ्यासकांना शंका आहे. अंदाज एकदा आकड्यात बसला की पुढच्या पिढ्या त्याला पुरावा मानतात.

७/ आपल्याकडे काहींनी हा प्रश्नच ठेवला नाही. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभट सांगतो, म्हणजे इ. स. ४९९, जन्म ४७६. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शके १०३६ (इ. स. १११४) असे स्वतःच नोंदवले. गणित्यांनी वाचकाची सोय पाहिली!

८/ संतांच्या बाबतीत तसे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची (इ. स. १२९०), हे ग्रंथाच्या अखेरीस नोंदलेले, पण ज्ञानेश्वरांच्या जन्माविषयी शके ११९३ आणि शके ११९७ अशी दोन मते. जनाबाईंचे जन्मवर्ष तर निश्चित सांगताच येत नाही. दळणकांडण करणाऱ्या दासीच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? त्या नामदेवांच्या घरी होत्या, म्हणून नामदेवांच्या काळावरून आपण त्यांचा काळ लावतो.

९/ येथेच या शब्दाची मर्यादा उघडी पडते. 'बहर' म्हणजे जगाला दिसलेला काळ. ज्याच्या हाती लेखणी, ताम्रपट वा राजाश्रय, त्याचा बहर नोंदला गेला. बाकीचेही जगले, राबले, गायले. त्यांच्यापुढे लिहायला सालच उरले नाही.

१०/ मराठीत या संक्षेपाला रूढ प्रतिशब्द माझ्या पाहण्यात नाही. 'सु.' म्हणजे सुमारे. तो सालाविषयीची अनिश्चितता सांगतो, ते साल कशाचे हे सांगत नाही. मात्र आपल्या बोलण्यात एक सुंदर प्रयोग आहे : 'अमुक शतकात होऊन गेले.' जन्माचा दावा नाही, मृत्यूचा नाही. केवळ अस्तित्वाची ग्वाही. लॅटिनने फूल पाहिले, मराठीने येणे आणि जाणे पाहिले.

११/ तेव्हा कंसात साल दिसले की एकच प्रश्न विचारावा : हे साल कशाचे? जन्माचे, ग्रंथाचे, की कुणीतरी केलेल्या बेरजेचे? माझ्या निबंधावरची ती लाल रेघ मला हेच विचारत होती.

धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात.