पियानोवादकाची सनद

सन १७८१ च्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस व्हिएन्नाच्या राजवाड्यात सम्राट दुसरा जोसेफ याने रशियाचा युवराज पॉल व त्याची पत्नी या पाहुण्यांच्या मनोरंजनार्थ दोन तरुण वादकांना एकमेकांसमोर वाजवावयास बसविले. त्यांपैकी एक पंचवीस वर्षांचा मोत्सार्ट होता. दुसरा, रोममध्ये जन्मून इंग्लंडमध्ये नावारूपास आलेला म्युत्सियो क्लेमेंती. दोघांनी आपापल्या रचना वाजविल्या, आयत्या वेळी दिलेल्या विषयांचा विस्तार केला, आणि सम्राटाने कोणाच्याही बाजूने कौल न देता सामना बरोबरीत सोडविला. पुढे मोत्सार्टने आपल्या पत्रांतून क्लेमेंतीला निव्वळ यांत्रिक वादक ठरविले, क्लेमेंतीने मात्र मोत्सार्टच्या वादनाची आठवण नेहमी आदराने काढली. या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे निवाडा करणारा मनुष्य आणि आश्रय देणारा मनुष्य एकच होता. जो दरबारात ऐके तोच इनाम देई, तोच नोकरीस ठेवी, आणि त्याच्या मर्जीवर कलावंताचा चरितार्थ चाले. कोल्हापुरी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना जो आश्रय दिला, त्याची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढे अर्धशतकात ही व्यवस्था पालटली. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये प्रिन्सेस बेलजोयोजो हिच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग या पियानोवादकांचा जो प्रसिद्ध मुकाबला झाला, तो इटलीच्या निर्वासितांना साहाय्य म्हणून तिकिटे विकून झाला. म्हणजे कौल देणारा आता राजा नसून तिकीट घेऊन आलेला श्रोता होता. त्यानंतर तीनच वर्षांनी लिस्टने लंडनमध्ये एकट्याने संपूर्ण कार्यक्रम सादर करून त्याला जे ‘रिसायटल’ हे नाव दिले, ते आजही चालू आहे. तथापि लिस्टसारखे अलौकिक पुरुष पिढीत एखादेच निपजतात. आणि त्याच काळात पॅरिस (१७९५), लाइपझिग (१८४३), सेंट पीटर्सबर्ग (१८६२) व मॉस्को (१८६६) येथील संगीतविद्यालये दरसाल उत्तम तयारीचे अनेक वादक बाहेर पाठवू लागली होती. त्यांच्या पाठीशी दरबार नव्हता, आणि सभागृह भाड्याने घेण्यास पैसाही नव्हता. त्यांची गुणवत्ता जगापुढे कोणी आणि कशी मांडावी, या प्रश्नातून पियानोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा जन्म झाला.

या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर दिले ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यालयाचा संस्थापक आणि लिस्टच्या तोडीचा वादक आंतोन रुबिनश्टाइन याने. १८९० साली त्याने आपल्या नावाची स्पर्धा सुरू केली. दर पाच वर्षांनी वेगवेगळ्या नगरीत ती भरावी, वादनास आणि रचनेस प्रत्येकी पाच हजार फ्रँकचे पारितोषिक असावे, आणि उमेदवार वीस ते सव्वीस वर्षांचे पुरुष असावेत, असे तिचे नियम होते. पहिल्या स्पर्धेत रचनेचे पारितोषिक बुसोनीने मिळविले आणि वादनाचे निकोलाय दुबासोव्हने. स्त्रियांना मज्जाव करणारा तो नियम आज कोणालाही खटकेल, आणि त्याचा परिणाम कसा विपरीत झाला हे पुढे येणारच आहे. परंतु कुळ, देश वा वशिला न पाहता केवळ बोटांतील विद्या पाहणारा निवाडा त्या काळी दुसरीकडे कोठे होता? रुबिनश्टाइन १८९४ मध्ये निवर्तला, परंतु त्याने घालून दिलेली प्रथा १९१० पर्यंत पाच वेळा पाळली गेली.

त्या काळी मॉस्कोच्या विद्यालयात वासिली साफोनोव्ह नावाचे एक कडक शिस्तीचे गुरू होते. आपल्याकडील घराण्यांप्रमाणेच त्यांच्या वर्गातून वादनाची एक विशिष्ट रीत पुढे गेली. त्यांच्या दोन शिष्यांचे चरित्र शेजारी शेजारी ठेवले असता स्पर्धेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम स्पष्ट होतात. पहिला शिष्य योसेफ लेव्हिन. १८९५ च्या बर्लिन येथील स्पर्धेत तो विजयी झाला आणि त्या विजयाने त्याला युरोप-अमेरिकेच्या व्यासपीठांची दारे खुली झाली. दुसरा निकोलाय मेट्नर. १९०० साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत तो उतरला. वादनाचे पारितोषिक बेल्जियमच्या एमिल बॉस्के याला गेले आणि मेट्नरच्या वाट्यास केवळ सन्माननीय उल्लेख आला. गुरूची इच्छा त्याने वादक म्हणून दौरे करावेत अशी असताही, वीस वर्षांच्या या तरुणाने ती वाट सोडून रचनाकार होण्याचा निश्चय केला.

मेट्नरसारखा अनुभव आणखी थोरांच्या वाट्यास आला. १९०५ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत हंगेरीचा एक चोवीस वर्षांचा युवक वादन आणि रचना अशा दोन्ही विभागांत उतरला व दोन्हींत रिकाम्या हाताने परतला. वादनात त्याला मागे टाकणारा विल्हेल्म बाकहाउस हा खरोखरच श्रेष्ठ वादक होता आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो वाजवीत राहिला, परंतु हरलेल्या युवकाचे नाव बेला बार्तोक असे होते. त्याच्या रचनांचे मोल परीक्षकांना त्या दिवशी कळले नाही म्हणून त्यांना दोष देण्यापेक्षा, काही गुणांची पारख आठवड्याभराच्या मुदतीत होऊ शकत नाही, हा बोध घेणे अधिक न्याय्य होय.

पहिल्या महायुद्धाने रुबिनश्टाइनची स्पर्धा बुडाली. तिची कल्पना पुनरुज्जीवित झाली ती वॉर्सा येथे, आणि तिचा प्रेरक होता येजी झुराव्लेव्ह हा वादक-शिक्षक. युद्धोत्तर पिढी मैदानी खेळांत रमली आहे आणि पोलंडचा रचनाकार शोपँ याचे संगीत अतिभावुक समजून मागे पडत चालले आहे, अशी त्याची तळमळ होती. तेव्हा खेळातील चुरशीचाच उपयोग संगीतासाठी करावा असे त्याने ठरविले. जानेवारी १९२७ मध्ये आठ देशांचे सव्वीस वादक वॉर्साच्या फिलहार्मोनिक सभागृहात जमले. पहिले पारितोषिक एकोणीस वर्षांच्या लेव्ह ओबोरिनने नेले. आणि पोटदुखीने बेजार असतानाही वाजविणाऱ्या दिमित्री शोस्ताकोविचला केवळ सन्मानपत्र मिळाले. त्यानेही पुढे मेट्नरप्रमाणेच रचनेचा मार्ग धरला. १९३२ मध्ये अलेक्सांद्र उनिन्स्की आणि हंगेरीचा अंध वादक इम्रे उंगार यांचे गुण अगदी समान झाले, आणि पहिला क्रमांक अखेर नाणे उडवून ठरवावा लागला. ज्या उंगारने नेत्रहीन असता ही विद्या हस्तगत केली, त्याच्या साधनेचा फैसला नाण्याच्या एका बाजूने व्हावा, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सातील शोपँचा पुतळा उद्ध्वस्त केला आणि जाहीररीत्या त्याचे संगीत वाजविण्यास बंदी केली. म्हणूनच १९४९ साली, शोपँच्या मृत्यूच्या शताब्दीच्या वर्षी, जेव्हा ही स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा ती केवळ वादकांची चढाओढ राहिली नव्हती. एका राष्ट्राने आपले हिरावलेले धन परत मिळविल्याचा तो सोहळा होता. फिलहार्मोनिकचे सभागृह अद्याप भग्नच होते. परीक्षकांना उमेदवार दिसू नयेत म्हणून त्यांना पडद्याआड बसविण्यात आले होते, आणि पहिले पारितोषिक पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का व सोव्हिएत संघाची बेला दाविदोविच या दोन स्त्रियांना विभागून मिळाले. रुबिनश्टाइनच्या स्पर्धेत ज्यांना उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांनी येथे मुख्य मान मिळविला.

आता पुन्हा साफोनोव्हच्या वर्गाकडे वळू. योसेफ लेव्हिनची पत्नी रोझिना ही त्याच वर्गातील सुवर्णपदक मिळविणारी वादक. परंतु स्त्री असल्यामुळे आपल्या पतीने जिंकलेल्या स्पर्धेत उतरण्याचा तिला अधिकारच नव्हता. रशियाबाहेर पडल्यावर हे दांपत्य न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात शिकवू लागले, आणि १९४४ मध्ये पती निवर्तल्यानंतर रोझिनाबाईंनी त्याची अध्यापनाची जागा चालविली. त्यांच्याकडे टेक्सासहून व्हॅन क्लायबर्न नावाचा उंच, सालस मुलगा आला. लहानपणी त्याला शिकविले होते ते त्याच्या आईने. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुतनिक आकाशात सोडला, आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १९५८ च्या वसंतात, मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरली. रशियन वादकांचे वर्चस्व जगासमोर यावे हा तिचा हेतू असता, तेवीस वर्षांच्या या अमेरिकन युवकाने मॉस्कोच्या श्रोत्यांना जिंकले, आणि एमिल गिलेल्स यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने पहिले पारितोषिक त्याला दिले. लोकांना ही राजकारणातील आश्चर्याची घटना वाटली. परंतु घराण्याच्या दृष्टीने पाहता साफोनोव्हची विद्या शिष्यामार्फत अर्धे जग फिरून मॉस्कोत आपल्या मूळ घरी परतली होती, आणि ती परत आणणारी होती स्पर्धेचे दार जिला बंद होते अशी एक स्त्री.

न्यूयॉर्कने क्लायबर्नची भव्य मिरवणूक काढली आणि त्याच्या चायकोव्हस्की कॉन्सर्टोची ध्वनिमुद्रिका दहा लाखांवर खपली. येथून पियानोवादकाची कारकीर्द आणि स्पर्धा यांची गाठ पक्की बसली. १९६२ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थ येथे क्लायबर्नच्याच नावाची स्पर्धा सुरू झाली, १९६३ मध्ये इंग्लंडातील लीड्स येथे फॅनी वॉटरमन या शिक्षिकेच्या पुढाकाराने आणखी एक. ब्रसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा तर आधीपासून प्रतिष्ठित होतीच. तेथे अंतिम फेरीच्या बारा उमेदवारांना बाहेरच्या जगापासून तोडून एका वास्तूत ठेवतात, आणि पूर्वी कोणी न पाहिलेली नवी रचना आठवड्याभरात कोणाच्याही मदतीशिवाय बसवावयास लावतात. योगायोग असा की, १९५८ सालीच मुंबईचा झुबिन मेहता हा युवक लिव्हरपूल येथील वाद्यवृंद-संचालकांच्या स्पर्धेत पहिला आला. मुंबईत वाद्यवृंद उभा करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या पित्याच्या या पुत्राला जगाच्या व्यासपीठावर नेणारी पहिली पायरी स्पर्धेनेच दिली.

या वाटेने जाणाऱ्या उमेदवाराचे जीवन कसे असते? पाचव्या-सहाव्या वर्षी वाद्याशी गाठ पडते. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत बाखचे फ्यूग, बेटहोव्हनचे सोनाटे आणि शोपँच्या सर्व एत्यूद हाताखालून जातात. आणि नंतर तीन-चार फेऱ्यांना पुरतील इतक्या रचना व अखेरीस वाद्यवृंदाबरोबर वाजवावयाचे कॉन्सर्टो, हे सारे कागद समोर न ठेवता मुखोद्गत असावे लागते. वय तिशीच्या आसपास पोहोचले की बहुतेक स्पर्धांची मुदत संपते. त्यातही पहिले पारितोषिक मिळाले म्हणजे भाग्य उजळलेच असे नाही. वॉर्सात १९९० आणि १९९५ साली तर पहिले पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. उलट १९८० मध्ये युगोस्लाव्हियाचा ईवो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वीच वगळला गेला, त्याच्या निषेधार्थ मार्ता अर्गेरिच हिने परीक्षकपद सोडले, आणि त्या वगळण्यानेच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वर्षीचा विजेता व्हिएतनामचा डांग थाय सॉन हा या स्पर्धेचा पहिला आशियाई विजेता. अमेरिकेशी युद्ध चालू असता त्याने स्थलांतरित विद्यालयात राहून ही विद्या जोपासली होती, ही गोष्ट त्या वादाच्या धुरळ्यात झाकली जाऊ नये.

स्वतः क्लायबर्नच्या नशिबी काय आले? त्याचे श्रोते त्याच्याकडून मॉस्कोत गाजलेल्या त्याच कॉन्सर्टोंची वारंवार अपेक्षा करू लागले, आणि १९७८ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो नियमित कार्यक्रमांपासून दूर झाला. पारितोषिक ही एक सनद आहे. तिच्या बळावर मुलखात प्रवेश मिळतो, परंतु ती वतन नव्हे. जमीन ज्याची त्याला रोज कसावी लागते, आणि न कसलेली जमीन सनदेच्या कागदाने पिकत नाही.

आता त्या सन्माननीय उल्लेखावर समाधान मानणाऱ्या मेट्नरची कथा पुरी करू. क्रांतीनंतर मायदेश सोडून तो अनेक ठिकाणी राहिला आणि अखेरीस लंडनमध्ये स्थायिक झाला. शिकवण्या करून दिवस कंठीत, हृदयविकाराने खचत, तो आपल्या मार्गाने रचना करीत राहिला. त्याचे संगीत फार थोड्यांना ठाऊक होते. परंतु त्या थोड्यांत म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार होते, स्वतः पियानो जाणणारे आणि कर्नाटक संगीतातील कृतींचे रचनाकार. त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मेट्नरच्या नावाने संस्था स्थापून त्याच्याच हातून त्याच्या रचनांचे ध्वनिमुद्रण व्हावे म्हणून द्रव्य दिले. वार्धक्याच्या उंबरठ्यावर मेट्नरने लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह आपले तिन्ही कॉन्सर्टो वाजविले, आणि तिसरा महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये तो निवर्तला.

व्हिएन्नाच्या परीक्षकांनी १९०० साली जे ओळखले नाही ते म्हैसूरच्या एका श्रोत्याने अर्धशतकानंतर ओळखले, म्हणून स्पर्धा व्यर्थ आणि आश्रय तेवढा खरा, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल; कारण टेक्सासच्या मुलाला किंवा युद्धाच्या छायेत वाढलेल्या व्हिएतनामच्या मुलाला कोणता महाराज शोधीत गेला असता? ज्याचा कोणी वाली नाही त्याला दार उघडून देण्याचे थोर कार्य स्पर्धेने केले आहे, आणि ते तिने करीतच राहावे. आज मुंबईत, पुण्यात, पणजीत जी मुले परीक्षांचे एकेक इयत्तेचे दाखले जमवीत पियानोसमोर बसतात, त्यांच्या आईबापांनी मात्र बॉस्के आणि मेट्नर ही दोन नावे शेजारी लिहून ठेवावीत. स्पर्धेत ज्याने पहिला क्रमांक मिळविला तो ब्रसेल्समध्ये एक आदरणीय शिक्षक म्हणून जगला. ज्याला नुसता उल्लेख मिळाला त्याने आपल्या हातांनी वाजविलेले तिन्ही कॉन्सर्टो आज आपण ऐकू शकतो.