स्वस्तातली जुनी गाडी रोजच्या वापरासाठी: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

घरात गाडी हवी हा विषय बहुतेक वेळा हौसेने निघत नाही. अब्बांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं, मुलीचं कॉलेज तालुक्याच्या गावी असतं, पावसात चार माणसं एका मोटारसायकलवर मावत नाहीत. नवी गाडी परवडत नाही आणि कर्जाच्या व्याजात आपल्यातल्या अनेकांना पडायचं नसतं. मग भिशीचे, साठवलेले किंवा भावाने आखातातून पाठवलेले दीड-दोन लाख घेऊन आपण जुन्या गाडीच्या शोधात निघतो. हे पैसे एकदाच हातात येतात. म्हणूनच जुनी गाडी घेताना काय बघायचं, कोणते कागद सोडायचे नाहीत आणि घेतल्यावर ती कमी खर्चात कशी चालवायची, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

सगळे पैसे गाडीतच घालू नका

हातात दोन लाख असतील तर गाडी दीड-पावणेदोन लाखांचीच बघा. उरलेले पैसे पहिल्या महिन्यात लागतातच. टायर, बॅटरी, ऑइल, विमा, नाव बदलण्याचा खर्च असं काहीतरी निघतंच. पूर्ण रक्कम गाडीत घालणारा माणूस दुसऱ्याच महिन्यात उसने मागायला निघतो.

नात्यात बिनव्याजी उसने घेतले असतील तर रक्कम आणि परतीची तारीख लिहून ठेवा. गाडी जुनी होते, नातं टिकायला हवं.

कोणती गाडी?

रोज वापरायच्या स्वस्त गाडीचे सुटे भाग तुमच्या गावातल्या दुकानात मिळाले पाहिजेत आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला ती उघडता आली पाहिजे. या हिशेबाने मारुतीची अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट आणि ह्युंदाईची सॅन्ट्रो, आय-टेन, इऑन या गाड्या आपल्याकडे जास्त विकल्या जातात. बाजारातून उठून गेलेल्या कंपनीची मोठी, आरामदार गाडी त्याच पैशांत मिळते, पण एका सुट्या भागासाठी ती महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहू शकते.

पेट्रोल की डिझेल? रोज तीस-चाळीस किलोमीटरच चालणार असेल तर पेट्रोल बरी. जुन्या डिझेल गाडीचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का ते पाहा आणि टाकीची हायड्रो टेस्ट कधी झाली ते विचारा. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

सुरक्षेचा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकाच्या बाजूची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि रिव्हर्स सेन्सर आले. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये यातलं काहीच नसण्याची शक्यता असते. थोडे जास्त पैसे घालून २०१९ नंतरची गाडी मिळत असेल तर म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हीलपेक्षा हा खर्च सार्थकी लागतो.

वय मोजा

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. ही फी एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्यावर महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर लागतो. म्हणजे चौदा वर्षांची गाडी ‘फक्त ऐंशी हजारात’ मिळत असेल, तर वर्षभरात येणारा हा खर्च त्यात धरा.

दिल्लीची नंबरप्लेट असलेल्या चकचकीत गाड्याही आपल्याकडे विकायला येतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या स्वस्त निघतात. पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. हा आकडा आधी आरटीओत विचारा. तो किमतीत मिळवला की स्वस्ताई उरते का ते बघा.

गाडी बघायला जाताना

सकाळी आणि उजेडात जा. विकणाऱ्याला सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गरम इंजिन आपले दोष लपवतं. थंड इंजिन लगेच सुरू होतं का, आवाज कसा येतो आणि धूर कोणत्या रंगाचा आहे ते पाहा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतं आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्या.

मग हे तपासा:

• दरवाजे, बॉनेट आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? एका पत्र्याचा रंग वेगळा दिसत असेल तर तिथे ठोकाठोकी झाली आहे.

• टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची आणि चारही टायर मूळचेच असतील तर नक्षी उरलेली असली तरी ते बदलायचेच आहेत असं धरा.

• मीटर ४० हजार दाखवतो, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलंय आणि स्टीअरिंग गुळगुळीत झालंय? मग मीटर मागे फिरवलेला असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहास काढता येतो का ते बघा.

• चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर वाचून आरसीशी जुळवा. अंक खरवडलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

• एसी लावून किमान वीस मिनिटं चालवा. तापमानाचा काटा चढतो का? स्पीडब्रेकरवर खडखड होते का? मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढतं का? चढावर क्लच घसरतो का?

कोकणातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. खाऱ्या हवेने गाडी खालून सडते, म्हणून रॅम्पवर चढवून खालचा पत्रा आणि सायलेन्सर बघाच. दुसरी गोष्ट पुराची. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी भरलं, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या पट्ट्यावर मातीची रेघ असेल, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या असतील, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असेल किंवा अत्तराच्या भपक्याआड ओलसर वास येत असेल, तर ती गाडी सोडा. पाण्याने खराब झालेली वायरिंग वर्षभर पैसे खाते.

ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. पाचशे-हजार रुपयांत पन्नास हजारांचं नुकसान टळू शकतं. मात्र विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

कागद: इथे ‘आपलाच माणूस आहे’ चालत नाही

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथे होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गाडी विकली, पैसे मोजून घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या आणि विषय संपला असं मानलं. घेणाऱ्याने नाव न बदलता ती पुढे विकली. दोन वर्षांनी अपघाताची नोटीस आली ती आरसीवर नाव असलेल्या म्हाताऱ्या मामूंच्या पत्त्यावर. गाडी कुणाकडे आहे हे त्यांना माहीतही नव्हतं.

कायदा इथे भावनेला किंमत देत नाही. गाडी अनेक हात बदलून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईच्या बाबतीत मालक धरला जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून विकणाऱ्यानेही नावबदल होईपर्यंत पाठपुरावा करायचा असतो.

रीत अशी आहे:

• आधी एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन खात्याच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद आहे का ते दिसतं. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या.

• आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. ‘हप्ते कधीच संपले’ हे तोंडी सांगणं पुरेसं नाही.

• नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्याबाहेरची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. विकणाऱ्याने १४ दिवसांत (परराज्यातली असल्यास ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

• मूळ मालकाचं निधन झालेलं असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. सगळ्या वारसांची संमती नसताना एका मुलाकडून गाडी घेऊ नका.

• मालक परदेशात असेल तर तो सुट्टीवर आल्यावरच व्यवहार करणं सोपं. सही आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, दोन्ही लागू शकतात.

इसार दिला तर पावती घ्या. उरलेली रक्कम शक्यतो बँकेतून द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

विमा

जुन्या मालकाचा विमा आपोआप तुमचा होतो हा अर्धा समज आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करावी लागते. तसं केलं नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, अधिक जीएसटी. याशिवाय चालक-मालकासाठी १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं. विम्याशिवाय पकडलं गेल्यास पहिल्यांदा २,००० रुपये दंड आहे. पण खरी भीती दंडाची नाही. विमा नसताना रस्त्यावर कुणाचा जीव गेला तर त्या घराची भरपाई आपल्या घरातून द्यावी लागते.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून शाळेची मुलं किंवा स्टेशनचे प्रवासी पैसे घेऊन नेऊ नका. ते परमिटशिवाय चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पहिला महिना आणि नंतर

गाडी घरी आली की ‘आत्ताच सर्व्हिसिंग केलंय’ यावर विसंबू नका. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. अल्टो ८०० आणि सॅन्ट्रोच्या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला हे सांगता येत नसेल तर आधी बदला. चालताना तुटला तर रस्त्यातच अडकाल आणि इंजिनलाही धोका असतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनला चेन असते, तिला हा खर्च नाही.

दर रविवारी दहा मिनिटं द्या. ऑइल आणि कूलंटची पातळी, टायरची हवा, दिवे. पावसाळ्याआधी वायपर आणि ब्रेक. तापमानाचा काटा वर गेला की गाडी लगेच बाजूला घ्या. ‘घर जवळच आहे’ म्हणत नेलेली गरम गाडी हेड गॅस्केटचा खर्च काढते. आखातातल्या भावाची गाडी दहा महिने उभी असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा किंवा आठवड्यातून एकदा कुणीतरी ती फिरवून आणा.

खर्चाचा अंदाज असा. महिन्याला १,००० किलोमीटर, लिटरला १६ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर इंधनाचे साधारण ६,५६० रुपये. दुरुस्तीसाठी महिन्याला १,५०० बाजूला टाका आणि थर्ड पार्टी विम्याचे दोनशे. म्हणजे महिन्याचे सव्वाआठ हजार. हा आकडा घरच्या बजेटमध्ये बसत नसेल तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी थोडं थांबा.

आणि बसत असेल तर घाई न करता चार-पाच गाड्या बघा. एखादी हातची गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जी गाडी अब्बांना वेळेवर दवाखान्यात पोहोचवते, जिचे कागद तुमच्या नावावर आहेत आणि जिच्यासाठी कुणाकडे हात पसरावा लागला नाही, तीच आपल्यासाठी चांगली गाडी. तिच्यावर चार ओरखडे असले तर असू द्या.